रंगूनमामांची दत्तक आई

दत्तक म्हटलं की मूलच घ्यायचं असतं, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी आमच्या रंगूनमामांना पाहिलेलं नाही. मामांनी आई दत्तक घेतली होती. ती ब्रह्मदेशातली होती, तिला मराठीचा एक शब्द बोलता येत नसे, आणि सरकारी कागदांप्रमाणे ती मामांची कोणीही लागत नव्हती. या शेवटच्या मुद्द्यावर मामांचं आणि सरकारचं जे जुंपलं ते पंधरा-सोळा वर्षं चाललं. जुंपलं म्हणायचं एवढंच. आवाज कोणीच चढवला नाही. मामांनी अर्ज लिहिले, सरकारनं उत्तरं दिली, आणि मधे बसून मी टाइप केलं.

मामा माझ्या आईचे मावसभाऊ. आमचं घराणं विणकरांचं. मामांच्या वडिलांचा माग बसला तेव्हा ते कामाच्या शोधात रंगूनला गेले आणि आईवेगळ्या या पोराला सोबत घेऊन गेले. पुढे लढाई लागली, रंगूनवर बॉम्ब पडले, आणि तिथले हिंदी लोक हजारोंनी पायी हिंदुस्थानकडे निघाले. वाटेत मामांचे वडील पटकीनं गेले. चौदा वर्षांचा मुलगा तापानं फणफणत एका नदीकाठच्या खेड्यात पडून राहिला. "तिथल्या एका घरानं मले उचललं," असं मामा सांगत. कोणी उचललं असं विचारलं तरी ते 'घरानं' असंच म्हणत, आणि आम्हाला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. लढाई संपल्यावर ते रंगूनला एका कापडदुकानात लागले. चौसष्ट सालच्या सुमारास तिथल्या सरकारनं दुकानं ताब्यात घेतली आणि हिंदी लोकांना घरचा रस्ता दाखवला, तेव्हा मामा जहाजानं मद्रासला आणि तिथून रेल्वेनं नागपूरला उतरले. एका हातात पत्र्याची पेटी होती आणि दुसऱ्या हातात एका म्हातारीचा हात. "ही अमे," मामा म्हणाले. अमे म्हणजे ब्रह्मी भाषेत आई. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीनं त्याची अमेआजी केली, आणि मामांचे रंगूनमामा झाले.

मामा हातमागाच्या एका सोसायटीत कापड तपासायला लागले. डोळे मिटून नऊवारीवरून बोट फिरवायचे आणि कुठल्या वितीवर धागा तुटला आहे ते सांगायचे. पण त्यांचा खरा जीव अर्जात होता. अर्जाला जायचं म्हणजे मामा उन्हाळ्यातसुद्धा काळा बंद गळ्याचा कोट घालत. कचेरीतला डिंक नेहमी वाळलेला असतो, म्हणून स्वतःची डिंकाची बाटली नेत. कचेरीची टाचणी गंजते आणि कागदावर डाग पडतो, म्हणून टाचण्या नेत. कारकुनानं 'बसा' म्हटल्याशिवाय बसत नसत, आणि बसले की उत्तर घेतल्याशिवाय उठत नसत. मी तेव्हा एका वकिलांकडे टाइपिस्ट होते. जेवणाच्या सुट्टीत मामा दारात उभे राहत आणि म्हणत, "बाई, अर्ध पान आहे. तुई मशीन खाली असन तं पाह्य." अर्ध पान म्हणजे चार पानं, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं. स्वल्पविराम चुकला तर मामा पूर्ण पान परत टाइप करायला लावत. "खोडलेला कागद खोट्या मानसाचा वाटते," म्हणत.

प्रश्न असा होता. मामा भारताचे नागरिक. नागरिकाची बायको येऊ शकते, मुलं येऊ शकतात, त्यांच्यासाठी नियम होते. पण परदेशातून आलेली मानलेली आई हा प्रकार कुठल्याच कागदाच्या रकान्यात बसत नव्हता. तिकडच्या सरकारनं तर निघतानाच अमेचं ओळखपत्र काढून घेतलं होतं आणि परत येऊ नको म्हणून सांगितलं होतं. म्हणजे तिकडे ती नाही, आणि इकडे आहे ती वर्षाच्या परवान्यापुरती. दरवर्षी थंडी सुरू झाली की पोलिसांच्या परदेशी लोकांच्या खिडकीशी जायचं, तीन फोटो द्यायचे, अंगठा द्यायचा, आणि आणखी एक वर्ष आणायचं. अमेला सायकलरिक्षात बसवून मामा बाजूनं चालत जात. रिक्षात जागा असे, तरी मामा बसत नसत. का बसत नाही ते मी एकदा विचारलं तर म्हणाले, "दाटी होते."

अमे कचेरीत गप्प बसून राही. नाव विचारलं की ओठ घट्ट मिटून घेई, आणि मामा सांगत, "डॉ म्या." तिकडे बाईमाणसाच्या नावाआधी 'डॉ' लावतात, आदरानं. खिडकीतल्या कारकुनानं पहिल्या वर्षी विचारलं होतं, "डॉक्टर आहेत काय?" आणि आमच्याकडची जुनी माणसं 'मी' म्हणायला 'म्या' म्हणतात, त्यामुळे तो मामांना म्हणाला, "तुमचं नाही गा, बाईचं नाव सांगा." मामांनी पुन्हा सांगितलं, "म्या." असं तीनदा झाल्यावर मामांनी कागदावर लिहून दाखवलं. पुढे तो कारकून ओळखीचा झाला. दर वर्षी हसून म्हणे, "आली का तुमची म्या?" अमे तेव्हा तोंड फिरवून भिंतीकडे पाही.

शहर सोडून मुक्कामाला जायचं तर आधी कळवायचं, असाही नियम होता. आमच्या एका बहिणीचं लग्न कुही गावाला होतं. मामांनी चार दिवस आधी नागपुरात अर्ज दिला, आणि कुहीला एसटीतून उतरल्यावर पहिल्यांदा ठाण्यात जाऊन, 'एक परदेशी नागरिक हळदीला आली आहे' अशी लेखी वर्दी दिली. ठाण्यातला हवालदार खात्री करायला मांडवात आला तो दोन दिवस जेवूनच गेला. त्या लग्नात एक गोष्ट झाली. दुपारच्या पंगतीत अमे शेवटच्या टोकाला बसली होती. तिनं आपल्या बाजूची जागा हातानं झटकली, कोणी बसत असल्यासारखी थोडी सरकली, आणि आपल्या पत्रावळीतली बुंदी त्या रिकाम्या जागेसमोर ठेवली. एका काकूनं विचारलं, "कोनासाठी वं?" अमे नुसती हसली. संध्याकाळी हिशेब लागेना म्हणून आचारी आणि वाढपी यांच्यात वाद झाला, तेव्हा त्या ओळीच्या वाढप्यानं सांगितलं की त्या टोकाला दोन म्हाताऱ्या होत्या. दोघींना त्यानं भात वाढला होता. एक खाली पाहत होती, आणि दुसरीनं 'पुरे' म्हणून हात आडवा केला होता.

आम्ही ते हसण्यावारी नेलं. महालात परत आल्यावर मात्र लक्ष जायला लागलं. मामा एका सुताच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत राहत. बाहेरच्या खोलीत खांबाला लाल फडकं गुंडाळलेला एक नारळ टांगलेला असे. तो घरराखणीचा, ब्रह्मी रिवाजाचा. अमे रोज तो हलवून आत पाणी वाजतं का ते ऐकायची. खाली एक चटई, आणि चटईवर जेवणाच्या वेळी दोन वाडगे भात. एक अमेचा. दुसऱ्या वाडग्यापुढे कोणी नसे. मामा वेगळ्या ताटात, थोडं दूर बसून जेवत. गल्लीतल्या बायका सांगत की अमेआजी दुपारी उंबऱ्यावर बसते आणि मधेच अंग चोरते, कोणाला आत जाऊ देते तशी. गल्लीत एक लंगडं कुत्रं होतं, सगळ्यांच्या ओट्यावर झोपायचं. मामांच्या ओट्यावर ते अर्ध्या भागातच झोपे.

मी स्वतः अनुभवलं ते सांगते. मे महिन्यातली दुपार होती. नागपूरच्या मे महिन्यात बारानंतर गल्ली इतकी सुनी होते की आपल्याच चपलेचा आवाज मागून आल्यासारखा वाटतो. मी टाइप केलेला कागद घेऊन गेले. मामा आतल्या खोलीत कोटाला ब्रश मारत होते. अमे चटईवर बसली होती. मी घामाघूम झालेली, पुढे होऊन चटईच्या दुसऱ्या टोकाला टेकले. अमेनं माझं मनगट धरलं. तिचा हात त्या उन्हाळ्यात माठासारखा गार होता. तिनं मला हलकेच, पण ठामपणे उठवलं. उठताना माझा तळवा चटईवर पडला. ती जागा उबदार होती, नुकतंच कोणी उठून गेल्यासारखी. मामा दारात येऊन उभे होते. ते साध्या आवाजात म्हणाले, "तिथं नको बसू बाई. जागा धरून आहे." मी कागद त्यांच्या हातात दिला आणि घरी आले. आईला काही सांगितलं नाही. त्यानंतर दहा-पंधरा दिवस मी दुपारी त्या गल्लीनं गेले नाही, वळसा घालून जात राहिले.

फोटोचंही तसंच. दरवर्षी तीन प्रती लागत. महालातला आमचा फोटोवाला चांगला कसबी माणूस होता, तान्ह्या पोरांचे सुद्धा स्वच्छ फोटो काढायचा. पण अमेच्या फोटोत तिचे हात येत, गळ्यातली माळ येत असे, मागच्या पडद्यावरचा मोर दिसे, आणि चेहरा मात्र ओल्या बोटानं पुसल्यासारखा. "बाई हालली नाही. मी पाहून होतो," फोटोवाला म्हणायचा. दोनदा, तीनदा काढायचा. मग एखाद्या प्रतीत डोळे थोडेफार दिसत, तीच खिडकीत चालवून घेत. चौथ्या-पाचव्या वर्षापासून तो मामांकडून पैसे घेईनासा झाला. 'एवढं काम दुसरीकडे करा,' असं एकदा म्हणाला, पण मामांना नाही म्हणायची त्याची हिंमत नव्हती. तशी ती कोणाचीच नव्हती.

मामांनी लग्न केलं नाही. कोणी विचारलं की म्हणत, "आईचा कागद होऊन जाऊ द्या, मंग पाहू." आमच्या वकीलसाहेबांना ते महिन्यातून एकदा तरी तोच प्रश्न विचारत. मुलाला आई दत्तक घेता येते का. वकीलसाहेब शांत माणूस. ते म्हणत, "नाही. कायद्यात आईबाप मूल घेतात. उलटं नाही." मामा दोन दिवस विचार करून परत आले.

"मंग तिनं मले घ्यावं," मामा म्हणाले. "कायद्यात बौद्ध मानूस चालते, मी वाचून पाह्यलं."

"चालतं. पण मूल पंधराच्या आतलं लागतं. तुम्ही पंचेचाळिशीचे आहात."

"तेव्हा मी चौदाचाच होतो नं साहेब."

"त्याचा काही कागद आहे?"

"जंगलात स्टँप पेपर कुठं भेटते?"

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मामाजी, दत्तकाचं सोडा. इतकी वर्षं इथं राहिली आहे. तिच्यासाठी नागरिकत्वाचा अर्ज करून पाहा." मामा इतके दिवस ते का करत नव्हते, हे मला कळत नव्हतं. नियमाचं पुस्तक तोंडपाठ असलेला माणूस तो एक नियम सोडून बाकी सगळे बोलायचा. त्या दिवशीही ते फाइल बांधून निघाले. पण अमे थकत चालली होती, कचेरीच्या पायऱ्या चढताना दोनदा बसायची. हिवाळ्यात मामांनी तो अर्ज केला. मीच टाइप केला. एकही चूक नव्हती. सही करण्याआधी मामांनी पेन दोनदा खाली ठेवलं, आणि मला वाटलं, आनंदानं.

नागरिकत्वाचा अर्ज म्हटला की तपास होतो. कागद दिल्लीला गेला, तिथून वकिलातीमार्फत ब्रह्मदेशात गेला. वर्षभरानं उत्तर आलं. परवान्याच्या नूतनीकरणासाठी आम्ही खिडकीशी गेलो होतो. अमे बाकावर बसली होती, मामा उभे, आणि फाइल जड झाल्यामुळे मीही त्या दिवशी सोबत होते. कारकुनानं फाइल उघडली, पत्र वाचलं, आणि पुन्हा वाचलं. मग त्यानं बाकाकडे पाहिलं. पत्रात लिहिलं होतं की या नावाची, या क्रमांकाच्या ओळखपत्राची बाई आपल्या गावीच मरण पावल्याची नोंद आहे. अमे ज्या वर्षी जहाजात बसली त्याच्या दोन वर्षं आधी.

कारकून हळू आवाजात म्हणाला, "मामाजी, मंग मी दहा वर्षं कोनाचा अंगठा घेऊन राहिलो?"

बाकाजवळ उभा असलेला शिपाई दोन पावलं मागे सरकला. कारकुनानं शाईचा डबा झाकून ठेवला. अमे समोरच्या भिंतीकडे पाहत होती, आणि तिची सावली बाकावरून खाली जमिनीवर पडली होती हे मी मुद्दाम पाहून घेतलं, याची मला आजही लाज वाटते. प्रत्येक प्रश्नाला कलम सांगणाऱ्या मामांनी वाकून अमेचा हात धरला. "परवा मोठ्या साहेबांपुढे या," असं कारकुनानं लिहून दिलं.

संध्याकाळी दिवेलागणीला मी मामांकडे गेले. चटईवर नेहमीसारखे दोन वाडगे होते. मामांनी मला आतल्या खोलीत बसवलं आणि सगळं सांगितलं.

त्या खेड्यातल्या घरात दोघी बहिणी होत्या. मोठी म्या आणि धाकटी खिन. दोघी एका साच्यातल्या. तापात पडलेल्या मामांना उचलून आणलं ते मोठीनं. तीन वर्षं पोटाशी धरलं ते तिनं, आणि मामा जिला पहिल्यांदा अमे म्हणाले ती तीच. मामा रंगूनला दुकानात असताना ती गेली. निरोप पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. जाण्याआधी तिनं धाकटीला सांगितलं होतं की पोरगा येईल, त्याच्याकडे राहा. चौसष्ट साली देश सोडायचा हुकूम निघाला तेव्हा मामा धाकटीला आणायला गेले. तिच्यापाशी एकही कागद नव्हता. कधी केलाच नव्हता. मोठीचं ओळखपत्र मात्र पेटीत पडून होतं.

"जहाजावर चढायच्या रांगेत साहेबानं नाव विचारलं," मामा म्हणाले. "मी कार्ड पुढं केलं. एक मिनिट बी नाही लागलं, बाई. इतके कागद लिहिले मी, खोडलेला एक नाही. आन पह्यल्याच ओळीत खोटं."

मी विचारलं, "आणि तो दुसरा वाडगा?"

मामांनी बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. "अमे म्हन्ते, नाव जहाजावर चढलं तं नावाची मालकीन खाली कशी राहीन? ती बी आली. पह्यल्या रात्रीपासून घरात आहे म्हन्ते. रागावून नाही. नाव परत पाह्यजे तिले. नावाशिवाय कुठं जाता येत नाही."

"तुम्हाला दिसते?"

"मले नाही दिसत. मी जागा सोडून बसतो."

बाहेर अमे कोणाशी तरी ब्रह्मी भाषेत बोलत होती. बोलत होती, थांबत होती, मान हलवत होती, पुन्हा बोलत होती. मला भाषा येत नाही. पण थांबण्याची लांबी उत्तर ऐकण्याइतकी होती, एवढं कोणालाही कळलं असतं. मला भीती वाटली, आणि तरी उठून जावंसं वाटेना, कारण मामांच्या चेहऱ्यावर भीती मुळीच नव्हती. नवीन माणूस घरात बसला असताना आतल्या खोलीतून आईचा आवाज येतो तेव्हा मुलाचा चेहरा जसा असतो, तसा होता.

वकीलसाहेबांनी दुसऱ्या दिवशी स्पष्ट सांगितलं. खोट्या माहितीबद्दल मामांवर खटला होऊ शकतो, आणि बाईला देश सोडायचा हुकूम निघू शकतो. "काहीच न बोलता राहिलात तर तिकडची नोंदच चूक, असं म्हणता येईल," तेही त्यांनी सांगितलं. तो रस्ता सोपा होता. पण मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, कागद लाव. खरं लिहायचं आहे. एकदम पह्यल्या ओळीपासून."

त्या रात्री मी तो अर्ज घरी आणून वाचला. पाऊण पान होता. मामांचा सर्वांत लहान अर्ज.

मोठे साहेब निवृत्तीला आले होते. कमी बोलणारे, केस पांढरे झालेले. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. मामा कोट घालून ताठ उभे होते, आणि कोटाच्या खिशात घरून आणलेली एक चड्डी-बनियनची घडी होती, अटक झाली तर असावी म्हणून. साहेबांनी मामांना काही विचारलं नाही. ते खुर्चीतून उठून बाकाशी आले आणि अमेला म्हणाले, "आपलं नाव काय, माताजी?"

मामा सांगायला गेले. साहेबांनी हातानं थांबवलं. अमेनं साहेबांकडे पाहिलं, मग आपल्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. या कचेरीत दहा वर्षं मिटलेले तिचे ओठ उघडले. "खिन," ती म्हणाली. आणि पुन्हा एकदा, थोडं मोठ्यानं, "खिन."

बंद खोलीतल्या टेबलावरचे कागद एकदम फडफडले. पंखा बंद होता. साहेबांनी कागदांवर वजन ठेवलं आणि खुर्चीत जाऊन बसले.

मामांवर ताशेरा आला, लेखी. फ्रेम करायचाच काय तो बाकी, इतका त्यांनी तो जपून ठेवला. कागद दिल्लीला गेला, आणि उत्तर येईपर्यंत बाईनं नागपुरातच राहावं, तीन महिन्यांनी हजेरी द्यावी, असं ठरलं. नवीन नोंदणीपत्र झालं. नाव खिन. राष्ट्रीयत्व, निश्चित नाही. नात्याच्या रकान्याशी साहेब थांबले.

"मुलगा लिहा, साहेब," मामा म्हणाले.

"ते मला लिहिता येत नाही, मामाजी. पुरावा नाही. 'ज्याच्याकडे राहते' एवढं लिहितो."

मामांनी मान डोलावली. नियम बरोबर होता, आणि नियम बरोबर असला की मामा भांडत नसत.

नव्या नोंदणीपत्रासाठी नवीन फोटो लागला. फोटोवाल्यानं पहिल्या खटक्यात काढला. चेहरा इतका स्वच्छ आला की हनुवटीवरचा तीळही दिसत होता. तो प्रत हातात धरून म्हणाला, "ही बाई तं मी आजच पाहून राहिलो."

त्या संध्याकाळी मी मामांकडे होते. अमेनं भात वाढला. एकच वाडगा. मामांनी तिला ब्रह्मी भाषेत काही विचारलं. तिनं दोन शब्दांत उत्तर दिलं आणि जेवायला लागली.

"गेली म्हन्ते," मामांनी मला सांगितलं. मग ते उठले, चटईच्या त्या टोकाशी गेले, आणि दहा वर्षांत पहिल्यांदा तिथं बसले. हातानं चटई चाचपून पाहिली. "जागा थंडी आहे," म्हणाले. कापडातला तुटलेला धागा शोधणारी ती बोटं बराच वेळ त्या चटईवरून फिरत राहिली. मी त्यांना रडताना पूर्वी पाहिलं नव्हतं. "दिसली तं नाही कधी," ते म्हणाले. "पन घरात होती नं, बाई."

दिल्लीचं उत्तर आलं नाही. मामांनी स्मरणपत्रं पाठवली, मी टाइप केली, आणि अमे दर तीन महिन्यांनी कचेरीत जाऊन स्वतःचं नाव स्वतः सांगत राहिली. तेवढं तिला आवडायला लागलं होतं. कारकुनानं विचारण्याआधीच सांगे. मामा आता रिक्षात तिच्या शेजारी बसत. एका पौष महिन्यात, सकाळी उन्हात बसलेली असताना ती गेली. मामांनी सगळ्यात आधी कोट घातला. आम्हाला वाटलं ते कचेरीत निघाले, आणि खरंच, परवाना परत करायचा नियम ते पुटपुटत होते. माझ्या आईनं त्यांना खांद्याला धरून घाटाकडे वळवलं. त्या काळी बायका घाटावर जात नसत, पण मामांना घरचं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी गेले.

सगळं आटोपल्यावर मामा घाटावरच्या नोंदीच्या टेबलाशी आले. तिथं मफलर गुंडाळलेला एक म्हातारा माणूस जाड वही घेऊन बसला होता. त्यानं नाव विचारलं, मामांनी सांगितलं. वय विचारलं, मामांनी अंदाजे सांगितलं. मग त्यानं विचारलं, "तुमी कोन?"

मामा काखेतल्या फाइलची नाडी सोडायला लागले. बोटं राखेनं भरली होती, गाठ सुटेना.

"कागद नको गा," तो माणूस म्हणाला. "लागता कोन?"

मामा थांबले. माझ्याकडे पाहिलं. "मुलगा," म्हणाले.

त्यानं लिहिलं.

"पुरावा?" मामांनी विचारलं.

"आग कोनं देल्ली?"

"म्या," मामा म्हणाले.

"मंग झालं नं." त्यानं पुढचं पान उलटायला हात टाकला. मामांनी विनंती केली आणि वही आपल्याकडे फिरवून घेतली. चष्मा लावून ती ओळ वाचली, डावीकडून उजवीकडे, प्रत्येक रकाना. नात्याच्या रकान्यावर त्यांनी बोट टेकवलं, आणि लगेच उचललं.

घाटावरून घर लांब होतं. आम्ही चालतच आलो. महालाच्या तोंडाशी आल्यावर मामा दिव्याखाली थांबले, बोटाचं टोक मला दाखवलं, आणि लहान मुलासारखे म्हणाले, "बाई, शाई ओली होती अजून."